जँगो ॲडमिनमधील इनपुट व्हॅलिडेशन: ‘कमल’ आत, ‘किरण’ बाहेर

जँगोमध्ये एखादे मॉडेल लिहून ते ॲडमिनमध्ये नोंदवण्यापर्यंत तुमची तयारी झाली आहे, असे गृहीत धरून हे टिपण लिहिले आहे. कोडमधली नावे येथे देवनागरीत दिली आहेत. कळफलकावर ती तुम्हाला रोमनमध्येच टाइप करायची आहेत.

आधी एक छोटा प्रयोग करा. ॲडमिन उघडा, नवा युजर जोडण्याच्या पानावर जा आणि युजरनेम म्हणून ‘कमल’ टाका. पासवर्ड द्या, सेव्ह करा. नोंद होते. आता तसेच ‘किरण’ टाका. लाल अक्षरांत सूचना येते की युजरनेममध्ये फक्त अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे चालतात. ‘शरद’, ‘भरत’, ‘मदन’ चालतात. ‘सुनीता’, ‘प्रकाश’, ‘अनंत’ चालत नाहीत.

‘किरण’मध्ये अक्षरांखेरीज दुसरे काय आहे? आपल्या दृष्टीने काहीच नाही. पायथनच्या दृष्टीने मात्र आहे.

‘किरण’ का अडतो

युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाचा एक वर्ग ठरलेला असतो. क, र, ण हे ‘अक्षर’ या वर्गात येतात. वेलांटी, उकार, काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह हे ‘अक्षर’ नसून ‘जोडचिन्ह’ या वेगळ्या वर्गात येतात. ‘किरण’ या शब्दात संगणकाला चार घटक दिसतात: क, वेलांटी, र, ण. यातला दुसरा घटक अक्षर नाही.

जँगोचा युजरनेम तपासणारा नियम रेग्युलर एक्स्प्रेशनने लिहिलेला आहे आणि त्यात बॅकस्लॅश-डब्ल्यू हे चिन्ह वापरले आहे. पायथनच्या नेहमीच्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये या चिन्हाचा अर्थ ‘अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर’ असा होतो. जोडचिन्हे त्यात बसत नाहीत. म्हणून ज्या नावात एकही मात्रा नाही आणि एकही जोडाक्षर नाही तेच नाव पास होते. कन्नड, तमिळ, बंगाली या लिप्यांचेही हेच होते. आमच्या बेंगळुरूच्या वर्गात हा प्रयोग करायला सांगितला की कन्नड माध्यमातून आलेली मुले स्वतःचे नाव टाकून पाहतात, आणि बहुतेकांना लाल सूचना मिळते.

युजरनेम रोमनमध्ये ठेवले तर फार बिघडत नाही, असे कोणी म्हणेल. ते मान्य. जँगोने पहिले नाव आणि आडनाव या फील्डवर असा नियम लावलेलाही नाही. अडचण पुढे येते. प्रोजेक्ट करताना विद्यार्थी हाच नियम उचलतात आणि स्वतःच्या मॉडेलमधल्या ‘विद्यार्थ्याचे नाव’ या फील्डला लावतात. चाचणी रोमनमध्ये होते, सगळे हिरवे दिसते. मग शिष्यवृत्तीच्या अर्जात एखादी मुलगी स्वतःचे नाव मराठीत लिहिते आणि तिला सांगितले जाते की तुझे नाव वैध नाही.

ॲडमिन कोणासाठी बनले

जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ साली झाला. २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. बातमीदार आणि संपादकांना मजकूर पटापट भरता यावा ही तिथली गरज होती, आणि ॲडमिन त्या गरजेतून आले. म्हणजे ते आतल्या, ओळखीच्या माणसांसाठीचे साधन. जँगोचे अधिकृत दस्तऐवज आजही तेच सांगतात: ॲडमिन संस्थेच्या अंतर्गत कामासाठी वापरा, संपूर्ण संकेतस्थळ त्यावर उभारू नका.

‘आतली माणसे’ या शब्दांमुळे तपासणीबाबत एक ढिलाई येते. आपलाच कारकून आहे, तो कशाला चुकीचे भरेल? पण तो चुकतोच, कारण दिवसाला दोनशे अर्ज भरणारा माणूस चुकणारच. शिवाय आतल्या माणसांचे अधिकारही सारखे नसतात. ज्याला फक्त सूचनाफलक बदलायची परवानगी आहे त्याला प्राचार्यांचा पासवर्ड कळता कामा नये. जँगोला हा धडा २०१० साली मिळाला, आणि तोही अशा जागी जिला आपण सहसा ‘इनपुट’ म्हणतच नाही.

पत्त्याच्या पट्टीतून येणारे इनपुट

ॲडमिनमधल्या यादीच्या पानावर उजवीकडे फिल्टर असतात. त्यातल्या एकावर क्लिक केले की ब्राउझरच्या पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे एक अट जोडली जाते. तिला क्वेरी स्ट्रिंग म्हणतात. जँगो ती अट घेऊन थेट डेटाबेसला विचारणा करत असे.

आता समजा, ‘सूचना’ या मॉडेलमध्ये ‘कोणी तयार केली’ असे एक फील्ड आहे आणि ते युजरच्या टेबलाकडे बोट दाखवते. ज्याला फक्त सूचना पाहण्याचा अधिकार आहे तो पत्त्यात हाताने लिहू शकत होता: ‘जिने ही सूचना तयार केली त्या व्यक्तीच्या पासवर्डचा हॅश अमुक अक्षराने सुरू होतो अशाच सूचना दाखवा.’ यादीत काही आले तर उत्तर ‘हो’, यादी रिकामी आली तर ‘नाही’. पासवर्ड पडद्यावर कुठेच दिसत नाही, तरी उत्तर मिळते. मनात धरलेला आकडा हो-नाही विचारून ओळखण्याचा खेळ आपण लहानपणी खेळतो, तोच हा.

किती प्रश्न लागतील? त्या काळी जँगो पासवर्डचा एसएचए-१ हॅश ठेवत असे. तो हेक्साडेसिमलमध्ये ४० अक्षरांचा असतो आणि प्रत्येक जागी १६ शक्यता असतात. दर वेळी शक्यता निम्म्या करत गेलो तर एका अक्षराला चार प्रश्न पुरतात. ४० गुणिले ४ म्हणजे १६० प्रश्न, आणि आधी जोडलेल्या सॉल्टसाठी आणखी थोडे. छोटी स्क्रिप्ट हे काम काही मिनिटांत करते. हाती आलेल्या हॅशवरून पासवर्डचा अंदाज मग निवांत, स्वतःच्या संगणकावर लावता येतो.

डिसेंबर २०१० मध्ये आलेल्या १.२.४ आणि १.१.३ या आवृत्त्यांनी हे भोक बुजवले. ‘लुकअप-अलाउड’ नावाची एक पद्धत आली. मॉडेलच्या स्वतःच्या फील्डवर अट घालता येते. दुसऱ्या टेबलात शिरणारी अट मात्र, लिहिणाऱ्याने ती फिल्टरच्या यादीत स्वतः दिली असेल तरच चालते. युजरच्या यादीत तर पासवर्डने सुरू होणारी कोणतीही अट सरळ नाकारली जाते. आज कोणी तसा प्रयत्न केला तर जँगो तो संशयास्पद मानून ४०० क्रमांकाचा प्रतिसाद देते.

म्हणजे एकाच चौकटीत दोन उलट चुका दिसल्या. क्वेरी स्ट्रिंगमधून कोणीही काहीही विचारावे अशी मोकळीक होती, आणि युजरनेमच्या दारात ‘किरण’ अडला. दोन्हीकडे मुळात एकच गोष्ट राहून गेली: येथे येणारी वस्तू नेमकी काय आहे, हे आधी ठरवणे.

तपासणी नेमकी कुठे चालते

ॲडमिनमध्ये सेव्हचे बटण दाबल्यावर काय होते ते क्रमाने पाहू. ॲडमिन तुमच्या मॉडेलवरून एक मॉडेलफॉर्म तयार करते. आधी फॉर्ममधले प्रत्येक फील्ड आपापली तपासणी करते, मग फॉर्मचे ‘क्लीन’ चालते, मग मॉडेलचे ‘फुल-क्लीन’. या शेवटच्या पायरीत मॉडेलच्या फील्डवरचे व्हॅलिडेटर, मॉडेलचे स्वतःचे ‘क्लीन’, एकमेवतेची अट आणि (४.१ आवृत्तीपासून) डेटाबेसवरच्या अटी तपासल्या जातात. सगळे पार पडले तरच ‘सेव्ह’.

परीक्षेत विचारण्याजोगी गोष्ट ही: ‘सेव्ह’ स्वतःहून ‘फुल-क्लीन’ला बोलावत नाही. ॲडमिनच्या फॉर्ममधून गेलात तर तपासणी होते, शेलमधून किंवा सीएसव्ही आयात करणाऱ्या स्क्रिप्टमधून गेलात तर होत नाही. ‘बल्क-क्रिएट’ आणि ‘अपडेट’ तर ‘सेव्ह’लाही वळसा घालतात. यादीच्या पानावर तुम्ही स्वतः लिहिलेली ॲक्शन, उदाहरणार्थ ‘निवडलेले अर्ज मंजूर करा’, बहुधा ‘अपडेट’च वापरते. म्हणजे ॲडमिनच्या आत राहूनही तपासणी चुकवता येते.

याहून फसवी एक जागा आहे. बरेच जण ॲडमिनसाठी वेगळा फॉर्म लिहितात आणि सगळे नियम त्या फॉर्मच्या ‘क्लीन’मध्ये ठेवतात. नंतर सोय म्हणून ‘लिस्ट-एडिटेबल’ सुरू करतात, म्हणजे यादीतच फील्ड बदलता येते. यादीचे पान तुमचा तो फॉर्म वापरत नाही, स्वतःचा वेगळा मॉडेलफॉर्म बनवते. तपशिलाच्या पानावर अडणारी चूक यादीच्या पानावरून गुपचूप आत जाते. नियम मॉडेलवर ठेवले असते तर दोन्हीकडे लागू झाले असते. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो: वस्तूबद्दलचा नियम मॉडेलवर, पानाबद्दलचा नियम फॉर्मवर. ‘पिन कोड सहा अंकी असतो’ हा वस्तूबद्दलचा नियम. ‘या कारकुनाने फक्त आपल्याच विभागाचे मार्गदर्शक निवडावेत’ हा पानाबद्दलचा, आणि तो ‘फॉर्मफील्ड-फॉर-फॉरेनकी’ या पद्धतीत निवडीची यादीच आखडून घालावा. बाकीचे पर्याय जावास्क्रिप्टने नुसते लपवले तर ब्राउझरची तपासणी साधने उघडता येणारा कोणीही ते परत आणतो.

मॉडेलच्या ‘क्लीन’मध्ये एक खाच आहे. फॉर्मवर नसलेल्या फील्डच्या नावाने तुम्ही चूक नोंदवली तर फॉर्म ती दाखवू शकत नाही आणि पानच कोसळते. ‘रीडओन्ली’ केलेली फील्ड फॉर्ममध्ये नसतात, हे अशा वेळी आठवत नाही.

आणि ज्या अटी कोणत्याही वाटेने मोडता कामा नयेत त्या डेटाबेसवरच लावा. जँगोत ‘चेक-कन्स्ट्रेंट’ २.२ पासून आहे. ४.१ पूर्वी ती मोडली की ॲडमिनमध्ये थेट ५०० क्रमांकाचे पान येई. आता समजेल अशी सूचना देता येते.

पिन कोड: सोपा वाटणारा नमुना

भारतात पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची रचना दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. ते संस्कृत कवीही होते. सहा अंक, पहिला अंक कधीही शून्य नाही. बेंगळुरूचे पिन ५६० ने सुरू होतात, बेळगावच्या मुख्य टपाल कचेरीचा ५९०००१, पणजीचा ४०३००१.

विद्यार्थी नियम लिहितात: सुरुवात, सहा वेळा बॅकस्लॅश-डी, शेवटी डॉलर चिन्ह. यात तीन गफलती आहेत. ०००००० पास होतो, ही पहिली आणि सर्वांना दिसणारी. दुसरी अशी की पायथनमध्ये डॉलर चिन्ह म्हणजे ‘शेवट’ किंवा ‘शेवटच्या नव्या ओळीच्या आधी’. त्यामुळे पिनला चिकटून आलेली नवी ओळही पास होते. फॉर्म कडेची रिकामी जागा छाटून टाकतो म्हणून हे ॲडमिनमध्ये दिसत नाही, आयातीत दिसते. जँगोच्या स्वतःच्या काही व्हॅलिडेटरमध्ये हीच चूक होती. जुलै २०१५ मध्ये सुरक्षा दुरुस्ती म्हणून ती काढली गेली, कारण ईमेल किंवा हेडरमध्ये शिरलेली नवी ओळ धोकादायक ठरते. डॉलरऐवजी बॅकस्लॅश आणि कॅपिटल झेड वापरावे.

तिसरी गफलत आपल्या देशाची खास. बॅकस्लॅश-डी फक्त इंग्रजी अंकांना नाही, तर युनिकोडमधल्या सगळ्या दशमान अंकांना मान्यता देते. 560001 पास होतो आणि ५६०००१ सुद्धा. दोन्ही नोंदी डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या बसतात, आणि एकाचा शोध घेतला तर दुसरी सापडत नाही.

इथे देवनागरी अंक अडवावेत का? माझ्या मते नाही. मराठी कळफलक लावून बसलेल्या माणसाने ५ टाइप केला तर त्याने पाचच लिहिला आहे. तो घ्यावा आणि साठवताना एकाच रूपात आणावा. हे रूपांतर कुठे करायचे ते महत्त्वाचे. मॉडेलच्या ‘क्लीन’मध्ये केले तर उशीर होतो, कारण फील्डचे व्हॅलिडेटर त्याआधीच चालून गेलेले असतात. स्वतःचे मॉडेल फील्ड लिहा आणि त्याच्या ‘टू-पायथन’ पद्धतीत ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलच्या मदतीने एकेक अंक बदला. मग व्हॅलिडेटरला कडक राहता येते: पहिला इंग्रजी १ ते ९, पुढचे पाच ० ते ९, इतकेच.

आयएफएससी: घडण बरोबर, तरी पैसे परत

शिष्यवृत्तीच्या नोंदीत बँकेचा आयएफएससी येतो. अकरा चिन्हे: पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे चिन्ह शून्य, शेवटची सहा शाखेची. सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ. तिथे नेहमी शून्यच असतो, त्यामुळे ‘ओ’ आला तर शून्य सुचवणारी सूचना दाखवता येते. ती आपोआप बदलावी का? पैशांच्या बाबतीत मी बदलत नाही, माणसाला विचारतो.

पण घडण तपासून पुरेसे होत नाही. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली, आणि सिंडिकेटचे जुने आयएफएससी १ जुलै २०२१ पासून बंद झाले. विजया बँक बँक ऑफ बडोदात १ एप्रिल २०१९ रोजी गेली. तिचेही कोड पुढे बदलले. कर्नाटकातल्या असंख्य घरांची खाती या दोन बँकांत होती. जुन्या पासबुकावरून उतरवलेला कोड कोणत्याही रेग्युलर एक्स्प्रेशनमधून सहज पार होतो, पण त्या कोडची शाखा आता अस्तित्वात नाही. शुल्क भरायची तारीख जवळ आलेली असते आणि रक्कम परत गेलेली असते.

इथे तपासणीचे वेगळे थर कळतात. पहिला थर घडणीचा. दुसरा गणिताचा, म्हणजे तपास-अंकाचा. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक व्हेरहॉफ पद्धतीने काढलेला असतो आणि एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ती चूक लगेच सापडते. आयएफएससीत असा अंकच नाही, म्हणून हा थर तिथे उपलब्ध नाही. (आधार क्रमांक गरज नसताना साठवूच नका, जे आपल्याकडे नाही ते आपल्याकडून गळत नाही.) तिसरा थर अस्तित्वाचा: कोड आजच्या यादीत आहे का. रिझर्व्ह बँक ही यादी प्रसिद्ध करते, आणि रेझरपे या बेंगळुरूच्याच कंपनीने ती वापरायला सोपी करून मुक्त स्रोत म्हणून खुली ठेवली आहे. यादीचे एक टेबल करून ते वेळोवेळी ताजे करावे आणि कोड त्यात नसेल तर ॲडमिनने अडवावे. चौथा थर, म्हणजे हे खाते खरेच त्या मुलीचे आहे का, जँगोच्या हातात नाही.

नावे

नावाच्या बाबतीत सर्वात कमी नियम लावावेत. दक्षिणेतल्या अनेक विद्यार्थ्यांना आडनाव नसते, फक्त आद्याक्षर असते. आडनाव सक्तीचे केले की ते बिचारे एक टिंब टाकून पुढे जातात, आणि आपल्याकडे टिंब आडनावाची पंचवीस मुले जमा होतात.

चिन्हे तपासायचीच असतील तर बॅकस्लॅश-डब्ल्यू नको. ‘युनिकोडडेटा’ला प्रत्येक चिन्हाचा वर्ग विचारा. अक्षर आणि जोडचिन्ह हे दोन्ही वर्ग चालू द्या, शिवाय रिकामी जागा, टिंब, संयोगरेषा आणि अपॉस्ट्रॉफी. एवढ्याने ‘किरण’ आत येतो. मराठीसाठी आणखी एक चिन्ह लागते: शून्य रुंदीचा जोडक. ‘कऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ या आडनावांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कळफलक ऱ आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि हा न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, त्यांना एक करत नाही. जोडक अडवला तर काही कऱ्हाड्यांचे नाव नाकारले जाते, नुसता चालू दिला तर एकाच विद्यार्थ्याच्या दोन नोंदी होतात आणि एकमेवतेची अट गप्प राहते.

यावर मला पटलेला उपाय असा: नाव जसे लिहिले तसेच साठवा आणि शेजारी तुलनेसाठी एक वेगळे फील्ड ठेवा. त्यात अर्धा र एकाच रूपात आणा, जादा मोकळ्या जागा काढा, एनएफसी करा. एकमेवता या दुसऱ्या फील्डवर तपासा. ते फील्ड फॉर्मवर दाखवू नका.

लांबीची मर्यादाही पाहा. जँगो चिन्हे मोजते, आपण अक्षरे मोजतो. ‘श्रीकृष्ण’ आपल्याला तीन अक्षरांचे वाटते, संगणकाला नऊ चिन्हांचे.

आधीच आत बसलेली माहिती

जून २०१९ मध्ये ॲडमिनची आणखी एक दुरुस्ती झाली. यूआरएल फील्डच्या वर ॲडमिन सध्याचा दुवा क्लिक करता येईल असा दाखवते. डेटाबेसमधली किंमत आधीच तपासलेली असणार असे धरून ती तशीच दुव्यात जात होती. पण आयात केलेल्या नोंदीत पत्त्याच्या जागी जावास्क्रिप्ट असेल तर ती ॲडमिनच्या एका क्लिकवर, ॲडमिनच्या अधिकाराने चालली असती. आता दुवा दाखवण्याआधी पुन्हा तपासणी होते.

सराव

‘अर्जदार’ नावाचे मॉडेल करा: नाव, पिन कोड, आयएफएससी, संकेतस्थळ. ॲडमिनमध्ये नोंदवा आणि पिन कोड ‘लिस्ट-एडिटेबल’ करा. नियम आधी फक्त फॉर्ममध्ये लिहा आणि यादीच्या पानावरून सहा शून्ये घालून पाहा. मग नियम मॉडेलवर हलवा. पुढे ‘किरण’, ‘कऱ्हाडे’ (दोन्ही तऱ्हांनी टाइप केलेले), देवनागरी अंकांतला पिन आणि पाचव्या जागी ‘ओ’ असलेला आयएफएससी या चार नोंदी तपशिलाच्या पानावरून, यादीच्या पानावरून, शेलमधून आणि सीएसव्ही आयातीतून घाला. कोणती नोंद कोणत्या वाटेने आत गेली याचा तक्ता करा, आणि जी जायला नको होती तिच्यासमोर ती कोणत्या थरात अडवायला हवी होती ते लिहा.